तद्विद्यसंभाषा : ग्रंथातली आणि दवाखान्यातली

गेल्या पावसाळ्यातील एक प्रसंग सांगून विषयास आरंभ करतो. प्रसंगात गौरवास्पद असे काही नाही. किंबहुना तो लिहावा की लिहू नये या विचारातच तीन-चार महिने गेले. परंतु आपल्या त्रैमासिकाच्या पानांवर यशस्वी चिकित्सेचे वृत्तांत आपण नेहमीच वाचतो. एखादा फसलेला वृत्तांतही वाचकांपुढे यावा, आणि तो दुसऱ्या कोणाचा नसून लिहिणाऱ्याचाच असावा, असे वाटल्यावरून हे धाडस करीत आहे.

अडुसष्ट वर्षे वयाच्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे अम्लपित्तासाठी येत होत्या. उरात जळजळ, आंबट ढेकर, जेवणानंतर पोट जड होणे ही नेहमीची लक्षणे. उच्च रक्तदाबासाठी त्या अन्य डॉक्टरांची गोळी घेत होत्या. त्या गोळीत लघवी वाढवणारे द्रव्य आहे ही नोंद रुग्णपत्रकावर माझ्याच हस्ताक्षरात होती. मी पथ्यापथ्य सांगितले आणि यष्टीमधु चूर्ण ३ ग्रॅम, दिवसातून दोन वेळा, असे दिले. दोन आठवड्यांत जळजळ पुष्कळ कमी झाली. बाई समाधानी, मीही समाधानी. "तेच चालू ठेवा," असे सांगून मी पुढचा रुग्ण बोलावला.

सहाव्या आठवड्यात बाई आल्या त्या पायांवर सूज घेऊन. पिंडऱ्यांत गोळे येत होते, जिना चढताना मांड्या भरून येत होत्या, रक्तदाब १७०/१०० होता. मी वय पाहिले, ऋतू पाहिला आणि वातप्रकोपाचे निदान करून मोकळा झालो. लोणचे, पापड, खारवलेले पदार्थ होतात का, असे विचारले. बाई नाही म्हणाल्या. माझा विश्वास बसला नाही. 'अपथ्य झालेच असणार' असे मनाशी म्हणून मी अभ्यंग सांगितला, शोथासाठी आणखी एक कल्प वाढवला आणि यष्टीमधु तसेच चालू ठेवले.

तीन दिवसांनी रात्री दुकान बंद करण्याच्या वेळी आमच्या पेठेतील औषधालयाच्या मालकांचा दूरध्वनी आला. "डॉक्टरसाहेब, राग मानू नका, एक विचारतो. बाई खोकल्यासाठी आमच्याकडून ज्येष्ठमधाच्या वड्या नेतात. महिना होऊन गेला. तुमच्या चूर्णातही ज्येष्ठमधच आहे ना? आज त्यांचे पाय पाहिले, म्हणून म्हटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त तपासून घेतले. पोटॅशियम २.८ आले. ते सामान्यतः ३.५ ते ५ या मर्यादेत असावे लागते. तत्काळ त्यांच्या डॉक्टरांशी बोललो, ज्येष्ठमध सर्व स्वरूपांत बंद केले, आणि पोटॅशियमची भर घालण्याचे व रक्तदाबाची गोळी बदलण्याचे काम त्यांनी केले. पाच-सहा आठवड्यांत बाई पूर्ववत झाल्या. हृदयाच्या गतीत बिघाड होऊन काही अनर्थ घडला नाही, हे आमचे दोघांचे दैव.

यामागील कार्यकारणभाव आज सर्वमान्य आहे. ज्येष्ठमधातील ग्लायसिऱ्हिझिन हे द्रव्य मूत्रपिंडातील एका विकराच्या कार्यात अडथळा आणते. त्यामुळे शरीरातील कॉर्टिसॉल तेथे अल्डोस्टेरॉनसारखे काम करू लागते. क्षार व पाणी साचते, पोटॅशियम निघून जाते, रक्तदाब चढतो. रुग्ण अगोदरच मूत्रल औषधावर असेल तर पोटॅशियमची गळती दोन्हीकडून होते. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असे नाही. वर्षापूर्वी एका परिसंवादात मी स्वतःच ती सांगितली होती! म्हणूनच या प्रसंगाचा धडा 'अधिक वाचन करावे' इतका सोपा नाही. ज्ञान माझ्यापाशी होते, नोंद माझ्यापुढे होती, रुग्ण माझ्यासमोर बसला होता. या तिघांची गाठ घालून देणारे मात्र कोणी नव्हते.

बंद दाराआडचा व्यवसाय

पुढे त्या बाईंना मी घडलेले सर्व सांगितले. त्यांनी एकच प्रश्न केला : "पाय तुमचं औषध सुरू झाल्यावरच सुजायला लागले, हे मी सांगितलं होतं ना?" मी रुग्णपत्रक उघडून पाहिले. तशी नोंद नव्हती. म्हणजे त्यांनी सांगितले होते, पण मी ऐकले नव्हते.

वैद्यबंधूंनो आणि भगिनींनो, या व्यवसायात मला सव्वीस वर्षे झाली. आंतरवासिता संपल्यापासून आजवर माझे एकही रुग्णपत्रक दुसऱ्या वैद्याने वाचलेले नाही. मी नाडी कशी पाहतो, प्रश्न कसे विचारतो, रुग्णाला मध्येच कुठे तोडतो, हे पाहणारा कोणी नाही. रुग्ण बरा झाला तर तो पुन्हा येतो किंवा चार जणांना पाठवतो. बरा झाला नाही तर तो निमूटपणे दुसरीकडे जातो आणि आपल्याला ते कळतही नाही. त्यामुळे एकट्या वैद्याच्या खात्यात यशाची नोंद आपोआप होते आणि अपयशाची आपोआप पुसली जाते. अशी वीस-पंचवीस वर्षे गेली की त्याला आपण 'अनुभव' म्हणतो. एकच वर्ष पंचवीस वेळा गिरवले आहे की पंचवीस वर्षे खरोखर शिकलो आहोत, हे तपासण्याचे साधन आपल्यापाशी नाही.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात वैद्याचे चार गुण सांगितले आहेत. शास्त्राचे निर्मळ ज्ञान, अनेकवार प्रत्यक्ष कर्म पाहिलेले असणे, दक्षता आणि शुचिता. यांतील दुसरा गुण वयाबरोबर आपोआप येतो असा आपला समज आहे. पण डोळ्यांपुढून पुष्कळ रुग्ण जाणे आणि त्यांना पाहणे यांत अंतर आहे. ते अंतर तिसऱ्या गुणाने, म्हणजे दक्षतेने भरून काढावयाचे असते. आणि माणूस एकटा असला की दक्षता हळूहळू झिजते, हे मी स्वतःवरून सांगतो.

आपल्या ग्रंथांनी काय सांगितले आहे

आजकाल परदेशी वैद्यकात 'चिकित्सा-पर्यवेक्षण' आणि 'चिंतनशील व्यवसाय' या संकल्पनांची पुष्कळ चर्चा आहे. त्याकडे वळण्यापूर्वी आपले घर पाहिले पाहिजे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे विवेचन आहे हे आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केले आहे. संधायसंभाषा आणि विगृह्यसंभाषा असे दोन भेद लिहिले की गुण मिळत असत. पण तो भाग आज पुन्हा उघडून वाचावा अशी माझी विनंती आहे. संधायसंभाषा कोणाशी करावी? जो ज्ञानी आहे, रागावणारा नाही, ज्याला दुसऱ्याचे म्हणणे सोसता येते आणि पटवूनही देता येते, अशाशी. तेथे निःशंक मनाने विचारावे, निःशंक मनाने सांगावे, पराजयाचे भय धरू नये आणि दुसऱ्यास निरुत्तर केल्याचा आनंदही मानू नये, असा त्या उपदेशाचा आशय आहे. परस्परविश्वासाने चालणाऱ्या चिकित्सकांच्या सभेची याहून चांगली नियमावली आजच्या कोणत्याही पुस्तकात मला आढळली नाही.

दुसरा संदर्भ अधिक बोचरा आहे. सूत्रस्थानाच्या एकोणतिसाव्या अध्यायात प्राणाभिसर आणि रोगाभिसर असे वैद्यांचे दोन वर्ग केले आहेत. रोगाभिसराची लक्षणे सांगताना आचार्य म्हणतात की व्याधी आवरेनासा झाला की तो दोष रुग्णावरच ढकलतो. रुग्णापाशी साधने नाहीत, परिचारक नाही, रुग्णाचा स्वतःवर ताबा नाही, असे सांगत सुटतो. हा भाग वाचताना 'अपथ्य झालेच असणार' हे माझेच शब्द मला आठवले आणि खरोखर संकोच वाटला. त्याच ठिकाणी आणखी एक खूण दिली आहे. या मंडळींचा गुरू कोण, शिष्य कोण, सहाध्यायी कोण, वादात समोर बसणारा कोण, हे कोणालाच ठाऊक नसते. ज्याच्या कर्माला साक्षीदार नाही तो वैद्य संशयास्पद, असा याचा सरळ अर्थ होतो. या कसोटीवर आज आपल्यापैकी किती जण उतरतील?

कोणी म्हणेल, आपल्या सभा होतातच की. होतात, आणि त्या व्हाव्यातही. पण त्यांचे स्वरूप पाहावे. दीपप्रज्वलन, धन्वंतरिपूजन, सत्कार, एखाद्या औषधनिर्मात्याच्या सौजन्याने व्याख्यान आणि भोजन. व्याख्यानात यशस्वी रुग्णांची छायाचित्रे, आधीची आणि नंतरची. प्रश्नोत्तरांच्या वेळी एखाद्याने शंका विचारलीच तर तिला विगृह्यसंभाषेचे रूप येते आणि अध्यक्ष वेळेअभावी चर्चा आवरती घेतात. संधायसंभाषेला आपल्या कार्यक्रमपत्रिकेत जागाच उरलेली नाही.

इतरांनी काय केले

ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकात मायकेल बालिंट या हंगेरीत जन्मलेल्या मनोविश्लेषकाने, पत्नी एनिड बालिंट यांच्या साहाय्याने, लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये सामान्य व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांचे छोटे गट चालवले. डॉक्टरांनी कागद न वाचता आपल्या एखाद्या रुग्णाची हकीकत सांगावयाची आणि इतरांनी ती ऐकून प्रश्न करावयाचे, अशी पद्धत. त्यावर आधारित त्यांचे पुस्तक १९५७ साली प्रसिद्ध झाले. सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे स्वतः डॉक्टर, पण त्याची मात्रा आणि दुष्परिणाम कोणत्याही औषधकोशात नाहीत, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. असे गट आजही अनेक देशांत चालतात.

पुढे अमेरिकेत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये व्यावसायिकांच्या विचारप्रक्रियेवर ग्रंथ लिहिला आणि कर्म चालू असताना होणारे चिंतन व कर्मानंतर होणारे चिंतन असा भेद केला. ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये अशा चिंतनाची सहा पायऱ्यांची चौकट मांडली. काय घडले, त्या वेळी काय वाटले, त्यात बरे-वाईट काय, त्याचा अर्थ काय, निष्कर्ष काय, आणि पुन्हा तसा प्रसंग आला तर काय करणार. ब्रिजिड प्रॉक्टर यांनी पर्यवेक्षणाची तीन कार्ये सांगितली : ज्ञान व कौशल्य वाढवणे, कर्माची पातळी राखणे, आणि थकलेल्या मनाला आधार देणे. यातील तिसरे कार्य आपण विसरतो. असाध्य व्याधीचा रुग्ण आपल्याच हाताखाली गेला, त्या रात्री वैद्य कोणाशी बोलतो?

ब्रिटनमध्ये परिचारिका व प्रसाविका यांच्या नोंदणीचे दर तीन वर्षांनी पुनर्प्रमाणन करण्याची पद्धत एप्रिल २०१६ पासून लागू झाली. त्यात पाच लेखी चिंतन-टिपणे आणि एका नोंदणीकृत सहव्यावसायिकाशी त्यांवर चर्चा या गोष्टी आवश्यक आहेत. मात्र सक्ती आली की कागद भरण्याची वृत्तीही येते. म्हणून ती पद्धत जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणत नाही. तत्त्व घ्यावे, फॉर्म घेऊ नये.

'पर्यवेक्षण' या शब्दाविषयी येथेच एक खुलासा करतो. तो उच्चारला की आपल्याला निरीक्षक आठवतो, नोंदवही मागणारा आणि शेरा मारणारा. येथे तसे अभिप्रेत नाही. समान पातळीवरच्या सहकाऱ्याने, विश्वासाने, आपल्या कर्माकडे आपल्याबरोबर पाहणे एवढाच त्याचा अर्थ. म्हणून मी त्यास 'सहविमर्श' हा शब्द सुचवतो.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप वेळेचा. महिन्यातून दीड तास काढता येत नाही असे म्हणणारा वैद्य बहुधा दोन विवाहसमारंभांना आणि एका उद्घाटनाला जाऊन आलेला असतो. याहून अधिक उत्तर या आक्षेपास नको.

दुसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो गंभीर आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. त्यानंतर आता २०१९ चा नवा कायदा आहे. 'मी चुकलो' असे लिहिलेला कागद उद्या माझ्याच विरुद्ध वापरला गेला तर? हे भय ब्रिटनमध्येही उसळले होते. एका बालरुग्णाच्या मृत्यूच्या खटल्यानंतर २०१८ च्या आरंभी एका तरुण डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काढण्यात आले, तेव्हा प्रशिक्षणातील चिंतन-टिपणे आपल्यावर उलटतील अशी धास्ती तेथील डॉक्टरांना वाटली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. सप्टेंबरमध्ये तेथील वैद्यक परिषदेने अन्य संस्थांसह मार्गदर्शिका काढली. टिपणात रुग्णाची ओळख पटेल असा तपशील ठेवू नये, घटनेच्या तपशिलापेक्षा त्यातून काय शिकलो यावर भर द्यावा, असा तिचा रोख होता, आणि चौकशीसाठी आम्ही अशी टिपणे मागणार नाही असे परिषदेने स्पष्ट केले.

आपल्याकडे असे आश्वासन कोणी दिलेले नाही, हे मी लपवू इच्छित नाही. म्हणून सावधगिरी हवी. रुग्णपत्रक हा मूळ दस्तऐवज होय. त्यात नंतर फेरफार करणे हा अपराधच, आणि चिंतनाची वही त्याची जागा घेऊ शकत नाही. गटात रुग्णाचे नाव, गाव, व्यवसाय सांगू नये. प्रस्तुत लेखातही ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि बाईंची परवानगी घेतली आहे. एवढे करूनही थोडे भय उरतेच. पण न बोलल्याने चूक नाहीशी होत नाही, ती केवळ पुढच्या रुग्णाच्या वाट्याला जाते.

तिसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. समोरच्या दवाखान्यातील वैद्यापुढे मी आपले अपयश उघडे करू? ही अडचण खरी आहे. लहान गावात तर फारच खरी. म्हणून गट जवळच्या दोन-तीन तालुक्यांतील असावा, एकाच पेठेतील नव्हे.

चौथा आक्षेप सहसा मोठ्याने बोलला जात नाही. आपल्या चुका आपणच मांडल्या तर आयुर्वेदाच्या टीकाकारांच्या हाती आयते कोलीत मिळेल, असे अनेकांना वाटते. येथे गुळवेलीचे उदाहरण घेण्यासारखे आहे. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतास बाधा झालेल्या काही रुग्णांचे वृत्त प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप नोंदवले आणि गुडूची म्हणून टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच वापरावी, तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा अपायकारक ठरू शकते, असे सांगितले. त्या काळात आपल्यापैकी बहुतेकांनी बाजू घेतली, निषेधाची पत्रे लिहिली. पण महामारीच्या त्या दोन वर्षांत आपण स्वतः किती रुग्णांना गुळवेल दिली, किती दिवस दिली, ती कोठून आली, वनस्पतीची ओळख कोणी पटवली, कोणाला कावीळ झाली काय, हे आपापल्या रुग्णपत्रकांतून काढून मांडणारे किती निघाले? आपल्यापाशी नोंदी असत्या तर आपले उत्तर आवेशाऐवजी आकड्यांनी देता आले असते. ते उत्तर आपल्या बाजूचे आले असते की नाही, हे नोंदी पाहिल्याविना मी सांगू शकत नाही, आणि कोणीही सांगू नये. स्वतःच्या चुका स्वतः न मोजणाऱ्या शास्त्राच्या चुका इतर लोक मोजतात, आणि त्यांच्या मापाने मोजतात.

औषधालयाच्या मालकांस

आता या लेखाचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. त्या रात्री दूरध्वनी करणाऱ्या गृहस्थांना मी दुसऱ्या दिवशी भेटून आभार मानले. बोलता बोलता समजले की ही गोष्ट त्यांच्या ध्यानात तीन आठवड्यांपूर्वीच आली होती. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी विचारले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तुम्हाला राग आला असता तर? तुमच्याच चिठ्ठ्यांवर दुकान चालतं, डॉक्टरसाहेब."

या वाक्याने मला पोटॅशियमच्या अंकाहून अधिक अस्वस्थ केले. त्या गृहस्थांना मी पंधरा वर्षे ओळखतो. त्यांच्याशी कधी उंच आवाजात बोललो नाही, असा माझा समज. तरीही विचारण्यापूर्वी तीन आठवडे धीर गोळा करावा लागावा, असे माझ्या वागण्यात काहीतरी होतेच. एका वड्यांच्या पाकिटाची विक्री सोडून त्यांनी तो प्रश्न विचारला. शहाण्याला सारे जगच आचार्य असते, या अर्थाचे वचन तद्विद्यसंभाषेच्या त्याच अध्यायात आहे. आपण मात्र आचार्यपद फक्त व्यासपीठावरच्यांना दिले.

औषधालयाच्या मालकांना जे दिसते ते वैद्याला दिसत नाही. तेच चूर्ण कितव्यांदा नेले, रुग्ण दुसऱ्या कोणाकोणाच्या चिठ्ठ्या घेऊन येतो, शेजारणीने सांगितले म्हणून काय विकत घेतो, हे सारे त्यांच्या गल्ल्यापुढे उघडे होते. औषधद्रव्य नियमांच्या ई(१) परिशिष्टात वत्सनाभ, कुचला, भल्लातक, जयपाल, हरताळ, मनःशिला, हिंगूळ, पारद इत्यादी विषद्रव्यांची यादी आहे, आणि ती असलेल्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापावी लागते. पण ती देखरेख प्रत्यक्षात कोण ठेवतो? चिठ्ठी जुनी झालेली असते, रुग्ण वैद्याकडे फिरकलेला नसतो, आणि डबी मात्र दरमहा जात असते. अशा वेळी गल्ल्यामागच्या माणसाचा एक प्रश्न हीच खरी देखरेख ठरते. ज्येष्ठमध तर त्या यादीतही नाही, ही गोष्टही ध्यानात ठेवावी.

म्हणून औषधालयाच्या मालकांना माझी विनंती आहे की त्यांनी विचारावे. आणि वैद्यांना त्याहून मोठी विनंती आहे की विचारलेले त्यांनी गोड मानून घ्यावे, विचारणारा चुकला असला तरीही. दहांतील नऊ प्रश्न निरर्थक निघतील. पण त्या नवांवर आपण आठ्या घातल्या, तर दहावा प्रश्न आपल्यापर्यंत येणारच नाही.

एक प्रस्ताव

आपल्या संघटनेपुढे पुढील गोष्टी विचारार्थ ठेवतो.

चार ते सहा वैद्यांचा एक गट असावा. महिन्यातून एकदा, दीड तास, कोणाच्याही दवाखान्यात बसावे. प्रायोजक नको, भोजन नको, छायाचित्र नको. दर बैठकीत दोन रुग्णवृत्ते घ्यावीत, त्यांपैकी एक अनिवार्यपणे असे की ज्यात अपेक्षित फळ आले नाही. सांगणाऱ्याने दहा मिनिटे सांगावे. त्यानंतर पहिली पंधरा मिनिटे इतरांनी केवळ प्रश्न विचारावेत, सल्ला देऊ नये. हा नियम पाळणे अतिशय कठीण जाते, कारण आपणा वैद्यांची जीभ उपदेशास सोकावलेली असते. बैठकीत बोललेले बाहेर जाऊ नये. परंतु रुग्णाला धोका संभवतो असे ध्यानात आले, तर गुप्ततेच्या नावाखाली गप्प बसता येणार नाही, हेही पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे.

तीन महिन्यांतून एकदा त्या भागातील औषधालयाच्या मालकांना बैठकीस बोलवावे आणि त्यांना प्रथम बोलू द्यावे.

प्रत्येकाने एक साधी वही ठेवावी. आठवड्यातून एका रुग्णाविषयी पाच ओळी पुरेत. मला काय अपेक्षित होते? काय घडले? मी काय ऐकले नाही? औषधाचा संबंध असू शकेल काय? पुढच्या वेळी काय बदलीन? यांतील चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' किंवा 'कदाचित' असेल, तर ती नोंद वहीतच राहू नये. आयुष मंत्रालयाने आयुर्वेद, सिद्ध, युनानी व होमिओपॅथी औषधांच्या सुरक्षा-निरीक्षणाची व्यवस्था उभी केली आहे. नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र असून त्याखाली मध्यवर्ती व परिघीय केंद्रे आहेत. संशयित दुष्परिणामाचा अर्ज त्या केंद्राकडे पाठवता येतो. संशय पुरेसा असतो, सिद्धता आवश्यक नसते. बाईंच्या बाबतीत मी असा अर्ज पाठवला, हे आत्मप्रौढीने नव्हे, उशिराने सांगतो. सव्वीस वर्षांतला तो माझा पहिला अर्ज होता.

आणि शेवटचे. तरुण पदवीधरांसाठी राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाची गुरुशिष्यपरंपरेची योजना आहे, ती उत्तमच आहे. पण गुरुस्थानी बसलेल्यांनी कोणाकडे जावे? माझे मत असे की, ज्येष्ठांनी प्रथम आपली फसलेली रुग्णवृत्ते कनिष्ठांपुढे मांडावीत. कनिष्ठ मग आपोआप बोलू लागतील. उलट क्रमाने हे कधीच घडणार नाही. तसेच या बैठकांना कोणतेही प्रमाणपत्र किंवा गुणांक जोडू नयेत. ज्या दिवशी सहीसाठी माणसे येऊ लागतील, त्या दिवशी खरे बोलणे थांबेल.

आमच्या भागात आम्ही पाच जणांनी गेल्या काही महिन्यांपासून असे बसावयास आरंभ केला आहे. पहिल्या बैठकीत ज्येष्ठमधाची हकीकत मीच सांगितली. सांगून झाल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका ज्येष्ठ वैद्यांनी आपली पिशवी उघडून एक जुने, कडा फाटलेले रुग्णपत्रक काढले आणि म्हणाले, "हे मी बारा वर्षे जपून ठेवलं आहे. कोणाला दाखवावं, तेच कळत नव्हतं."

अशी रुग्णपत्रके आपल्यापैकी प्रत्येकाच्या कपाटात असतील. विद्वान वैद्यांनी व औषधालयाच्या मालकांनी या प्रस्तावावर आपली मते, विशेषतः प्रतिकूल मते, या त्रैमासिकाकडे अवश्य कळवावीत, ही नम्र विनंती.